आदोल्फ मास यांच्या काचांचा माग: बार्सिलोना ते बोई खोरं, आठ दिवसांत

स्पेनच्या ईशान्येकडच्या कॅटलोनियातल्या जुन्या वास्तूंवरचं कुठलंही जुनं पुस्तक उघडा, चित्राखाली बारीक अक्षरांत ‘मास’ हे नाव हमखास सापडतं. हे आदोल्फ मास. सोलसोनात 1860 साली जन्म, 1936 साली बार्सिलोनात मृत्यू. तरुणपणी कायद्याच्या कामात होते, मग कॅमेऱ्याकडे वळले आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बार्सिलोनात स्वतःचा स्टुडिओ थाटला. 1907 च्या उन्हाळ्याअखेरीस एक लहानसा गट पिरेनीज पर्वतातल्या आरागॉनच्या सीमेकडे निघाला. नुकत्याच स्थापन झालेल्या इन्स्तितुत द’एस्तुदिस कातालान्स या संस्थेची ही मोहीम. गटात वास्तुविशारद जुझेप पुच इ कादाफाल्क आणि जुझेप गोदाय होते, कायद्याच्या इतिहासाचे अभ्यासक गिल्येम मारिया दे ब्रोका होते, विक शहरातल्या संग्रहालयाचे धर्मगुरू जुझेप गुदियोल इ कुनिल होते आणि फोटोग्राफर म्हणून मास. तेव्हा फोटो काचेच्या पाट्यांवर टिपत, त्या निगेटिव्ह म्हणजेच या ‘काचा’. बोई खोऱ्यासारख्या डोंगरी भागांतली अकराव्या-बाराव्या शतकातली चर्चं, त्यांतली भित्तिचित्रं आणि लाकडी मूर्ती या मोहिमेमुळे अभ्यासकांच्या नजरेत आली.

हा प्रवास त्या मोहिमेचा रोजचा मार्ग जसाच्या तसा गिरवत नाही. त्या फोटोंमधलं काय अजून जागेवर आहे, काय हललं आणि हललेलं आता कुठे भेटतं, हे एका फेरीत पाहता यावं अशी याची आखणी आहे. चर्चांमधली बरीच भित्तिचित्रं पुढे भिंतीवरून काढून बार्सिलोनाच्या संग्रहालयात नेली गेली, म्हणूनच ते संग्रहालय शेवटाकडे ठेवलं आहे. बहुतेक लोक आधी बार्सिलोनातलं संग्रहालय पाहतात आणि मग डोंगरात जातात. त्यामुळे चर्चमध्ये गेल्यावर ‘इथे तर काहीच नाही’ असं वाटतं. आधी रिकामी भिंत पाहावी, मग तिच्यावरचं चित्र.

काळ सप्टेंबरचा उत्तम. तेव्हा बर्फ नसतो, ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते आणि मोहीमही याच हंगामातली असल्याने सावल्या जुळतात. एक गोष्ट घड्याळाबद्दल. स्पेनचं उन्हाळी घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे चालतं. सप्टेंबरच्या मध्यावर इथे सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी 1:50 च्या सुमारास. ‘बाराचं ऊन वाईट’ हा आपला हिशेब इथे धरला तर हातची चांगली वेळ वाया जाते. घड्याळात बारा म्हणजे सूर्याचे जेमतेम दहा.

पहिला दिवस: बार्सिलोना, पासेच दे ग्रासिया

सुरुवात 41 क्रमांकाच्या घरापासून, कासा आमात्लेरपासून. चॉकलेटचे कारखानदार आंतोनी आमात्लेर यांच्यासाठी 1898 ते 1900 या काळात हे घर पुच इ कादाफाल्क यांनी नव्याने घडवलं. म्हणजे 1907 च्या मोहिमेचे म्होरके आणि या घराचे वास्तुविशारद एकच. आमात्लेर यांच्या कन्या तेरेसा यांच्या पुढाकाराने 1941 मध्ये इथे कलासंस्था उभी राहिली आणि मास यांचा संग्रह तिच्याकडे आला. पुच यांच्याबरोबर डोंगरात काढलेल्या काचा अखेर पुच यांनीच घडवलेल्या घरात विसावल्या. घर पाहायला तिकीट काढून रोज जाता येतं. संग्रहातले फोटो पाहायचे असतील तर मात्र प्रवासाआधी संस्थेला लिहून वेळ घ्यावी लागते. पत्रात ‘मास यांचे फोटो’ एवढंच लिहून भागत नाही. गाव, चर्च आणि त्यातला भाग (गाभारा, दरवाजा, मूर्ती) असं नेमकं लिहावं, कारण असा संग्रह गावागावाने लावलेला असतो.

दर्शनी भागाचा फोटो सकाळी 9 ते 10:30 मध्येच. एशांपल भागातले रस्ते दिशांना 45 अंश तिरके आहेत आणि घरांची ही रांग ईशान्येकडे तोंड करून आहे. अकराच्या पुढे ऊन भिंतीला घासून जातं आणि थोड्याच वेळात पूर्ण सावली पडते. तेव्हा मागचं आकाश पांढरं आणि भिंत काळपट येते. रस्ता सुमारे 60 मीटर रुंद असल्याने समोरच्या फुटपाथवरून अख्खं घर सहज मावतं. अडचण झाडांची असते. सप्टेंबरात प्लेन वृक्षांची पानं भरगच्च असतात. हिवाळ्यात पानं झडतात, पण तेव्हा सूर्य आग्नेयेकडून उगवतो आणि भिंतीला ऊन फारसं लागत नाही. फक्त याच फोटोसाठी यायचं असेल तर मार्चचा उत्तरार्ध धरावा.

फोटो झाल्यावर भिंतीजवळ जाऊन खिडक्यांभोवतीचं कोरीवकाम पाहावं. शिल्पकार एउझेबी आर्नाउ यांनी इथे कामात गढलेले छोटे प्राणी कोरले आहेत. एक काच फुंकतो, एक पुस्तक वाचतो, एकाकडे कॅमेरा आहे. आमात्लेर स्वतः हौशी फोटोग्राफर होते. तिथून दोन मिनिटांवर 35 क्रमांकाचं कासा ल्येओ मोरेरा. त्याच्या दर्शनी भागावर आर्नाउ यांनीच त्या काळच्या नव्या शोधांच्या मूर्ती केल्या. विजेचा दिवा, टेलिफोन, फोनोग्राफ आणि कॅमेरा हातात घेतलेल्या चार स्त्रिया. ज्या वर्षांत मास यांचा स्टुडिओ उभा राहत होता, त्या वर्षांत हे शहर कॅमेऱ्याला घराच्या कपाळावर जागा देत होतं.

संध्याकाळी तयारी. ज्या जुन्या फोटोंशी ताडून पाहायचं त्यांच्या प्रती ए-फोर कागदावर छापून घ्याव्यात. मोबाइलच्या पडद्यावर, उन्हात उभं राहून जुन्या फोटोतले बारकावे दिसत नाहीत. प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीने तीन खुणा कराव्यात: जवळची एक कड, तिच्यामागे दिसणारी दूरची एक कड, आणि सावलीची एक ठळक रेघ. त्या खुणांचा उपयोग चौथ्या दिवशी कळेल.

दुसरा दिवस: सोलसोना

बार्सिलोनाहून सोलसोना रस्त्याने साधारण 110 किलोमीटर. बस आहे, पण पुढचे चार दिवस गाडी लागणारच, म्हणून ती इथूनच घ्यावी. आपल्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्यावा लागतो. तिथे पोहोचल्यावर तो मिळत नाही.

मास यांचं हे जन्मगाव लहान आहे आणि अर्ध्या दिवसात होतं. कॅथेड्रलमध्ये ‘क्लाउस्त्रेची माता’ ही मेरीची काळ्या दगडातली बाराव्या शतकातली मूर्ती आहे. ती उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंनी पाहावी, कारण वस्त्राच्या चुण्या आणि वेण्यांचं काम समोरून अर्धंच कळतं. शेजारच्या संग्रहालयात सांत किर्झे दे पेद्रेत या चर्चमधली भित्तिचित्रं आहेत. वर्तुळात हात पसरून उभा असलेला माणूस आणि वर्तुळावर बसलेला पक्षी. कॅटलोनियातल्या सर्वांत जुन्या भित्तिचित्रांत याची गणना होते. भिंतीवरून काढलेलं चित्र कसं दिसतं, याची पहिली ओळख इथे होते. पुढच्या दिवसांसाठी डोळा तयार व्हायला ती हवीच.

दुपारी 2 ते 4 सगळं बंद. आपल्याकडच्या पुणेरी दुकानांची सवय असलेल्यांना हे नवीन नाही, पण इथे संग्रहालयं आणि चर्चंही बंद होतात, त्यामुळे दिवसाची आखणी त्याभोवतीच करावी.

तिसरा दिवस: मुर मार्गे बोई खोरं

सोलसोनाहून पोंत्स, आर्तेझा दे सेग्रे, इझोना, त्रेंप. तिथून दक्षिणेला थोडं खाली येऊन ग्वार्दिया दे नोगेराजवळून वर मुरचा रस्ता. किल्ला आणि सांता मारिया दे मुरचं चर्च एकाच सुळक्यावर शेजारीशेजारी आहेत. चर्चची प्रतिष्ठापना 1069 ची. वर उपाहारगृह नाही, पाणी बरोबर न्यावं. चर्च उघडण्याच्या वेळा मोजक्या असतात, त्या आदल्या दिवशी पाहून ठेवाव्यात.

मुरला थांबण्याचं कारण गाभाऱ्यात आहे. तिथली मूळ भित्तिचित्रं आज बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहेत. 1907 च्या मोहिमेनंतर या चित्रांची कीर्ती फोटोंमधून आणि ग्रंथांमधून पसरली. ती वाचणाऱ्यांत जुन्या वस्तूंचे व्यापारीही होते. 1919 च्या सुमारास मुरची चित्रं भिंतीवरून निघाली आणि 1921 मध्ये अमेरिकेत पोहोचली. चित्रं अशी बाहेर जात असल्याचं उमगताच बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने उरलेल्या चर्चांमधली चित्रं स्वतःच विकत घेऊन शहरात आणण्याचा निर्णय घेतला. जुआकीम फोल्क इ तोर्रेस यांच्या देखरेखीखाली 1919 ते 1923 या काळात ते काम झालं. त्यासाठी इटलीहून फ्रांको स्टेफानोनी आणि त्यांचे साथीदार आले होते. व्यापाऱ्यांनीही मुरसाठी त्यांनाच आणलं होतं.

पद्धतीचं नाव ‘स्त्रापो’, म्हणजे ओढून काढणं. चित्राच्या दर्शनी बाजूला प्राण्यांच्या हाडा-कातड्याच्या सरसाने सुती कापड चिकटवतात. सरस वाळताना आक्रसतो, त्या ताणाने रंगाचा पातळ पापुद्रा गिलाव्यापासून सुटतो. मग कापड खालून वर हळूहळू ओढून गुंडाळी करतात. शहरात आणल्यावर मागच्या बाजूला चुना आणि केसीन (दुधातलं प्रथिन) यांच्या मिश्रणाने नवं कापड लावतात, आणि पुढचं कापड गरम पाण्याने सरस विरघळवून काढून टाकतात. सरस नीट न वाळता ओढलं तर पापुद्रा तुकड्यातुकड्याने येतो. भिंत ओली असेल तर सरस धरतच नाही. आणि सगळं नीट झालं तरी रंगाचा काही अंश भिंतीतच राहतो. हे शेवटचं लक्षात ठेवा, उद्या ताउलमध्ये ते दिसणार आहे.

त्रेंपहून पुढे दोन रस्ते. ला पोब्ला दे सेगुरवरून पेर्वेसच्या खिंडीतून जाणारा एन-260 देखणा आहे, पण वळणावळणांचा. गाडी लागणाऱ्यांनी सी-1311 ने पश्चिमेला जाऊन एन-230 धरावा आणि एल पोंत दे सुएर्त गाठावं. तिथे पेट्रोल आणि किराणा भरून घ्यावा. पुढे एल-500 हा एकच रस्ता खोऱ्यात चढतो. मुक्काम बोई, ताउल किंवा बार्रुएरा यांपैकी कुठेही. शाकाहारी माणसांसाठी खात्रीचे पदार्थ म्हणजे टोमॅटो चोळलेला पाव, वांगं-ढोबळी मिरची भाजून केलेली एस्कालिवादा, आणि मनुका व पाइनच्या बिया घातलेली पालकाची भाजी. त्रिंचात हा कोबी-बटाट्याचा पदार्थ दिसायला निरुपद्रवी, पण त्यात डुकराचं मांस असतं. पालकातही कधी हॅमचे तुकडे घालतात, म्हणून विचारूनच घ्यावं.

चौथा दिवस: ताउल

पूर्ण दिवस या एका गावासाठी. उंची सुमारे 1,500 मीटर. इथली दोन चर्चं लागोपाठच्या दिवशी प्रतिष्ठित झाली: सांत क्लिमेंत 10 डिसेंबर 1123 रोजी आणि सांता मारिया 11 डिसेंबरला. पहिल्याची नोंद खांबावर रंगवून लिहिलेली होती, म्हणून तारीख इतकी नेमकी कळते. खोऱ्यातली एकूण नऊ चर्चं 2000 मध्ये जागतिक वारसा यादीत आली.

सकाळी लवकर सांत क्लिमेंतच्या मागच्या बाजूला, गाभाऱ्याकडे जावं. इथल्या सगळ्या जुन्या चर्चांप्रमाणे गाभारा पूर्वेला आहे. तीन अर्धवर्तुळं, त्यांवर छोट्या आंधळ्या कमानींची पट्टी आणि शेजारी सहा मजल्यांचा चौकोनी घंटामनोरा. सूर्योदय साडेसातचा असला तरी डोंगरामुळे ऊन उशिरा उतरतं. ऊन पडल्यावर पहिला तास सर्वांत कामाचा, कारण तिरकं ऊन कमानींच्या पट्टीची प्रत्येक खोबण उठवून दाखवतं. तासाभराने हीच पट्टी सपाट दिसू लागते.

मनोऱ्याचा फोटो हा या प्रवासातला खरा धडा. कॅमेरा वर झुकवला की मनोरा मागे कलल्यासारखा, वर निमुळता होत गेलेला दिसतो. मास यांच्या पिढीच्या कॅमेऱ्यांत यावर उपाय होता. कॅमेरा पूर्ण पातळीत ठेवायचा आणि लेन्सची पाटी वर सरकवायची. काच उभी राहते, म्हणून उभ्या रेघा उभ्याच राहतात, आणि लेन्स वर गेल्यामुळे मनोऱ्याचं टोक चौकटीत येतं. पाटी प्रमाणाबाहेर सरकवली की लेन्सच्या प्रकाशवर्तुळाची कड लागते आणि फोटोचे वरचे कोपरे काळे पडतात. जुन्या काचांवर आकाशाचे कोपरे कधी कमानीसारखे गडद दिसतात, ते यामुळे.

आज अशी सरकती लेन्स नसेल तर कॅमेरा उभा धरून पातळीतच ठेवावा आणि मागे जावं. खालची जमीन नंतर कापून टाकायची. किती मागे, याचा हिशेब सोपा आहे. पूर्ण चौकटीच्या (फुल-फ्रेम) कॅमेऱ्यावर 24 मिलिमीटरची लेन्स उभी धरली तर डोळ्याच्या पातळीच्या वर, अंतराच्या 0.75 पट उंची मावते. 25 मीटर उंच वस्तू असेल तर साधारण 31 ते 32 मीटर दूर उभं राहावं लागतं. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याला (26 मिलिमीटरच्या तोडीचा धरला तर) 35 मीटर. एवढी जागा मागे नसेल तर झुकवून काढा आणि घरी सरळ करा, पण मग चारी बाजूंना भरपूर जागा सोडा. सरळ करताना फोटोचा वरचा भाग ताणला जातो आणि बाजू कापल्या जातात. मोबाइलची अतिरुंद लेन्स टाळावी, तिने मनोरा कडेला फुगतो.

आता काल-परवाच्या छापील प्रती बाहेर काढा. जुन्या फोटोची जागा शोधायचा क्रम असा. आधी डावी-उजवी बाजू: जवळच्या कडेमागे दूरची कड जुन्या फोटोत जिथे झाकली जाते, तिथेच झाकली जाईपर्यंत आडवं सरकायचं. मग पुढे-मागे: जवळच्या वस्तूची रुंदी आणि दूरच्या वस्तूची रुंदी यांचं गुणोत्तर मोजपट्टीने ताडायचं. गुणोत्तर जास्त आलं तर आपण फार जवळ आहोत. मग कॅमेऱ्याची उंची: कुठल्या दगडी थराच्या रेघा पूर्ण आडव्या दिसतात ते पाहायचं, कारण भिंग त्याच उंचीवर होतं. शेवटी सावली, ती तासाचा अंदाज देते. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे चुकीच्या जागी उभं राहून झूमने आकार जुळवणं. झूमने चौकट जुळते, पण जवळ-दूरचं नातं बदलत नाही, आणि दोन फोटो एकमेकांवर ठेवले की एक कोपरा जुळतो, बाकी सगळं घसरतं.

लेन्स ओळखायलाही मदत होते. 18 गुणिले 24 सेंटिमीटरच्या काचेचा कर्ण 30 सेंटिमीटर. तिच्यावरची 240 मिलिमीटरची लेन्स म्हणजे आजच्या पूर्ण चौकटीवर सुमारे 35 मिलिमीटर, आणि 180 ची म्हणजे 26. ही त्या काळी नेहमीची मापं.

वजनाचाही विचार करून पाहा. याच मापाची दीड मिलिमीटर जाडीची एक काच जवळजवळ 160 ग्रॅम भरते. डझनभर काचा म्हणजे दोन किलो, त्यावर लाकडी पेट्या, कॅमेरा, तिपाई. खेचराच्या पाठीवरून डोंगरवाटेने हे सगळं न्यायचं आणि रात्री कुणाच्या तरी तळघरात लाल दिव्यावर काचा बदलायच्या. पेटीत शिरलेला धुळीचा एक कण म्हणजे निगेटिव्हवर एक पारदर्शक ठिपका आणि छापील फोटोवर एक काळा डाग. अशा स्थितीत प्रत्येक काच उघडण्याआधी नेमकं काय टिपायचं हे ठरलेलं असावं लागे. या फोटोंमधला शिस्तीचा भाग तिथून येतो असं आम्हाला वाटतं.

आता आत जा. 1907 मध्ये इथला गाभारा असा मोकळा नव्हता. वेदीमागे उंच गॉथिक लाकडी चित्रफलक उभा होता आणि भित्तिचित्राचा बराच भाग त्याच्या आड होता. तोच फलक जुन्या फोटोत दिसतो. आज फलक नाही आणि चित्रही नाही. कित्येक दशकं इथे चित्राची रंगवलेली प्रतिकृती होती. 2013 मध्ये ती काढली आणि तिच्याखाली बाराव्या शतकातल्या मूळ रंगाचे अवशेष सापडले. स्त्रापोमध्ये भिंतीत राहून गेलेला, काल सांगितलेला तो अंश हाच. आता ठरावीक वेळांना प्रोजेक्टरने संपूर्ण चित्र भिंतीवर उजळवतात. प्रक्षेपण संपल्यावर लगेच बाहेर पडू नका. दिवे साधे झाले की उरलेले खरे रंग दिसतात, आणि ते पाहायला बहुतेक जण थांबतच नाहीत.

आतला फोटो काढताना खिडकी चौकटीत घेऊ नये. मास यांच्या काळच्या काचांत खिडकीचा प्रकाश काचेच्या मागच्या पृष्ठावरून परतून भोवती धुक्यासारखं वलय करी. त्यावर उपाय म्हणून काचेच्या पाठीला गडद लेप देत. आजच्या सेन्सरवर वलय तसं येत नाही, पण खिडकीजवळची भिंत मात्र पांढरी पडतेच. ट्रायपॉडला आणि फ्लॅशला मनाई गृहीत धरा. खांबाला टेकून, श्वास सोडून, पाठोपाठ पाच-सहा फोटो घ्यावेत, त्यांतला एक तरी धारदार निघतो.

दुपारनंतर गावाच्या मधोमध असलेलं सांता मारिया. इथे भोवती घरं दाटीने आहेत, मागे सरकायला जागाच नाही. म्हणून अख्ख्या चर्चचा हट्ट सोडून भाग टिपावेत. गाभाऱ्यात बाळाला मांडीवर घेतलेल्या मेरीच्या चित्राची प्रतिकृती आहे.

पाचवा दिवस: बोई, एरिल ला वाल, दुर्रो

बोईच्या सांत जुआनमध्ये संत स्टीफनला दगड मारतानाच्या प्रसिद्ध चित्राची प्रतिकृती जागेवर पाहायला मिळते. चित्र भिंतीवर किती उंचीला होतं आणि कुठून दिसत असे, हे इथेच कळतं. संग्रहालयात कळत नाही.

एरिल ला वाल हे खोऱ्याच्या दुसऱ्या अंगाला. सांता एउलालियाचा घंटामनोरा सडपातळ आहे. याच चर्चमध्ये 1907 च्या गटाला बाराव्या शतकातला लाकडी मूर्तिसमूह सापडला: क्रुसावरून ख्रिस्ताचा देह उतरवण्याचा प्रसंग, सात आकृत्यांचा. आज चर्चमध्ये प्रतिकृती आहे. मूळ समूहाची ताटातूट झाली. त्यातल्या पाच मूर्ती विक शहरात आहेत आणि दोन बार्सिलोनात. प्रतिकृतीचा एक फोटो नीट काढून ठेवा: समोरून, कॅमेरा ख्रिस्ताच्या छातीच्या उंचीला, सातही जण चौकटीत. आठव्या दिवशी हाच फोटो हाताशी लागेल. गावात रोमनेस्क शैलीच्या (अकराव्या-बाराव्या शतकातल्या) वास्तूंचं माहिती केंद्र आहे, चर्चांचं एकत्रित तिकीटही चौकशी करून इथेच घ्यावं.

दुर्रोला चर्च पाहून पुढे सांत किर्कच्या एकाकी देवळीपर्यंत चालत जावं. संध्याकाळी तिथून पूर्ण खोरं दिसतं. वेदीच्या पुढचा रंगीत लाकडी फलक, ज्यावर संत किर्क आणि त्याची आई जुलिता यांच्या छळाचे प्रसंग आहेत, तोही बार्सिलोनात आहे.

सहावा दिवस: ल्येइदा

एन-230 ने खाली. टेकडीवरचं जुनं कॅथेड्रल, सेउ वेल्या, एवढं एकच पाहावं. 1707 नंतर लष्कराने त्याचा बराकीसारखा वापर केला तो थेट 1948 पर्यंत. मास यांच्या हयातीत हे चर्च असं पाहायला मिळणं शक्यच नव्हतं. जुने फोटो हातात घेऊन हिंडताना कुठली दारं तेव्हा बंद होती हेही ध्यानात ठेवावं लागतं. गाडी इथे परत करून वेगवान रेल्वेने तासाभरात बार्सिलोना.

सातवा दिवस: मुंजुइक, राष्ट्रीय कला संग्रहालय

सोमवारी बंद. शनिवारी दुपारी 3 नंतर आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो, पण मोफत वेळेतली गर्दी फोटोला मारक. मंगळवार-बुधवारी उघडताक्षणी जावं आणि थेट रोमनेस्क शैलीच्या दालनांत शिरावं.

संग्रहालयाची इमारत म्हणजे मुंजुइक टेकडीवरचा राजवाडा, आणि तिचाही या कथेशी संबंध आहे. मास यांच्याकडे 1915 पासून एक प्रचंड काम आलं होतं: स्पेनमधल्या कलेची आणि वास्तूंची फोटोंतून नोंद करणारा संग्रह. तो होऊ घातलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी हवा होता. पुढे ढकलत ढकलत ते प्रदर्शन 1929 मध्ये भरलं. हा राजवाडा त्यासाठीच बांधलेला, आणि ‘स्पेनमधली कला’ हे मोठं दालन याच इमारतीत होतं. त्या नोंदीसाठी मास आणि त्यांचे पुत्र पेलाय यांनी देशभर फिरून फोटो घेतले. 1936 मध्ये यादवी युद्ध सुरू झालं, कॅटलोनियात असंख्य चर्चं जळाली. त्यांतल्या कितीतरी वेद्यांचा आणि मूर्तींचा एकमेव पुरावा आज या काचा आहेत.

सांत क्लिमेंतचा गाभारा समोर आला की ख्रिस्ताच्या हातातलं उघडं पुस्तक वाचा: ‘एगो सुम लुक्स मुंदी’, मी जगाचा प्रकाश आहे. खाली दारात पडलेला लाजारस (बायबलमधल्या गोष्टीतला भिकारी) आणि त्याच्या जखमा चाटणारा कुत्रा, वर सात डोळ्यांचं कोकरू. मग जुना काळा-पांढरा फोटो शेजारी धरा. एक विसंगती लगेच जाणवेल. इथे ख्रिस्ताचं वस्त्र गडद निळं आणि फोटोत ते फिकट, तर लाल भाग फोटोत जवळजवळ काळे. दोष छापण्याचा नाही. त्या काळच्या काचांना निळा प्रकाश फार लवकर लागे आणि लाल जवळजवळ लागतच नसे. जुन्या फोटोवरून ‘इथला रंग उडाला होता’ असा निष्कर्ष काढण्याआधी हा हिशेब करावा लागतो. पिरेनीजमधल्या या निळ्यासाठी एरिनाइट हे त्या भागातलं खनिज वापरलं जाई.

दालनाच्या मागच्या बाजूला जायला विसरू नका. गाभाऱ्यांचे वक्र लाकडी सांगाडे तिथून उघडे दिसतात. हाताच्या नखाएवढाही जाड नसलेला रंग, त्यामागे कापड, त्यामागे ही सुतारकामाची वळणं. समोरून भिंत वाटतं ते मुळात एक ताणलेलं कापड आहे.

आठवा दिवस: विक

आर-थ्री मार्गाच्या गाडीने साधारण दीड तास. या मार्गावर कामं चालू असली तर काही टप्पा बसने नेतात, म्हणून सकाळी वेळ तपासून निघावं. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर मोठ्या चौकातला आठवडी बाजारही मिळतो.

एपिस्कोपल संग्रहालयात एरिलच्या पाच मूर्ती आहेत: ख्रिस्त, त्याला खाली घेणारे जोसेफ आणि निकोदेमस, दोन बाजूंना दोन चोर. मेरी आणि योहान काल मुंजुइकला भेटलेच असतील. या दोन जागांचे फोटो जोडून सात आकृत्यांचा एक फोटो करता येतो, पण त्यासाठी दोन्हीकडे तीन गोष्टी सारख्या लागतात: कॅमेऱ्याची उंची, मूर्तीपासूनचं अंतर आणि लेन्स. दोन्हीकडचे दिवे वेगळे, म्हणून रंग जुळत नाहीत. काळा-पांढरा फोटो केला तर अडचण बरीच कमी होते. प्रमाणासाठी मूर्तीची उंची फलकावरून टिपून घ्या आणि एरिलला काढलेला प्रतिकृतीचा फोटो खाली ठेवून त्यावर एकेक मूर्ती बसवा. मेरीचा हात कुणाच्या दिशेने गेला आहे ते तेव्हा दिसतं.